दोन डाव्या बाह्या

९ ऑक्टोबर

भावोजी,

तुमचं पत्र मिळालं. उत्तराला उशीर झाला. लिहायला बसते आणि काहीतरी आठवून उठते. गॅस बंद आहे की नाही ते बघते, तो बंदच असतो.

दादांनी जाताना तुमच्यासाठी काही निरोप ठेवला होता का, असं तुम्ही विचारलंत. नाही. शेवटी ते बोलण्याच्या अवस्थेत नव्हते.

सांत्वनाबद्दल आभार. पण हे पत्र त्यासाठी नाही. माझं तुमच्याकडे एक काम आहे.

गेल्या आठवड्यात ऑफिसात फोन आला. मी एका दुकानदाराचा वजनकाटा तपासत होते, त्याला थांबवून फोन घेतला. पलीकडे एक डॉक्टरीणबाई होत्या. आवाजावरून तरुण वाटल्या. "तुम्ही त्यांच्या मिसेस ना? बोलायला वेळ आहे का? नसेल तर मी नंतर करते." मी म्हटलं, बोला. पुढे त्या जे बोलल्या ते मी नीट समजून घेतलं आहे, म्हणून तुम्हाला सांगते.

तुमच्या दादांच्या तळपायांची आग व्हायची, हे तुम्हाला माहीत आहे. त्यासाठी त्यांना एक गोळी सुरू केली होती. ती गोळी मुळात फिट येणाऱ्यांची. नसांच्या दुखण्यालाही देतात. या बाई आणि त्यांच्याबरोबरचे लोक लिव्हर खराब झालेल्या पेशंटचे जुने कागद तपासत आहेत. लिव्हरनं जे गाळायचं ते गाळलं नाही की ते डोक्यात चढतं. माणूस दिवसा झोपतो, रात्री येरझाऱ्या घालतो, शब्द चुकतात, हात ऐकत नाहीत. ज्यांना ही गोळी सुरू होती त्यांच्यात हे जास्त झालेलं दिसतंय. "गोळीमुळेच झालं असं मी म्हणत नाही हं," बाई लगेच म्हणाल्या. "संबंध दिसतोय. आत्ता तेवढंच म्हणता येतं."

तुमच्या दादांचे कागद त्यांच्या हाती आले होते. पण ते बाजूला काढून ठेवावे लागले. कारण भरती करतानाच्या कागदावर लिहिलं आहे, 'दारू पुन्हा सुरू, भावाच्या सांगण्यानुसार.' दारू चालू असलेल्यांना त्या मोजणीत धरत नाहीत. दारूनंही हेच सगळं होतं, मग कशामुळे काय ते वेगळं काढता येत नाही. बाईंना ते वाक्य खटकलं, कारण रक्ताच्या तपासणीत दारूचा मागमूस नव्हता. तपासणी उशिरा झाली होती, त्यामुळे नुसती तीही पुरत नाही.

मला एवढंच हवं आहे. त्या दिवसांत तुम्ही त्यांना पिताना पाहिलं होतं का? पाहिलं असेल तर तसं लिहा, नसेल तर तसं. सही करून. पत्ता खाली दिला आहे.

तुम्हाला दोष द्यायला लिहिलेलं नाही. तुम्हीच पळापळ केली होती त्या दिवशी.

वहिनी


२६ ऑक्टोबर

भावोजी,

"मी होतं ते सांगितलं. आता उकरून काय मिळणार?" एवढंच लिहून पाठवलंत. त्यासाठी अख्खं आंतरदेशीय पत्र वाया घालवलंत. दादा असते तर म्हणाले असते, धाकट्याला कापडाचा अंदाज कधी आलाच नाही.

होतं ते म्हणजे काय होतं, ते लिहायचं राहिलं तुमच्याकडून. मला जे आठवतं ते मी लिहिते. चूक असेल तिथे सांगा.

त्यांच्या पिण्याच्या वर्षांत एकदा त्यांनी कुणा साहेबांच्या कोटाला दोन डाव्या बाह्या कापल्या होत्या. तुम्ही तेव्हा नवीन मशीनवर बसायला लागला होतात. तुम्ही दोन्ही बाह्या हातात धरून घरी आलात आणि म्हणालात, "वहिनी, गिऱ्हाइकाला दोन डावे हात आहेत का हो?" सगळे हसलो. तेही हसले, भिंतीला टेकून, घसरत घसरत. नंतर तो आपला घरचा शब्दच झाला. मी ऑफिसातून दुकानात फोन करायची, "आज बाह्या कशा?" तुम्ही म्हणायचात, "एक डावी, एक उजवी," म्हणजे मी निश्चिंत. कधी म्हणायचात, "दोन्ही डाव्या," की मी लवकर निघायची.

त्यांनी सोडली, आणि मग शब्दही थट्टेपुरता उरला. पाहुण्यांसमोर ते स्वतःच म्हणायचे, "आता माझ्या दोन्ही बाह्या आपापल्या जागी आहेत." लिव्हरचं जे व्हायचं ते तोवर होऊन गेलं होतं, पण हात साफ होता. कोट तेच कापायचे, तुम्हाला हात लावू द्यायचे नाहीत. "तू शीव. कापणं म्हाताऱ्यांचं काम." तुम्ही म्हणायचात, "मग मी म्हातारा कधी होणार?" ते म्हणायचे, "मी मेल्यावर."

आता चष्मेवाल्याचा कोट. मुलीच्या लग्नासाठी समोरच्या चष्मेवाल्यानं शिवायला टाकलेला. मी डबा घेऊन दुकानात आले तेव्हा तुम्ही टेबलाशी उभे होतात.

"दादा, हे काय?"

"काय?"

"बाह्या बघ."

ते बघत राहिले. मग त्यांनी एक बाही दुसरीवर ठेवली. जुळली. कड कडेवर, कोपरा कोपऱ्यावर. इतकी छान जुळली की त्यांना बरंच वाटलं असावं. ते म्हणाले, "कापड फिरलं असेल."

"कापड नाही फिरलं. तू फिरलायस."

सुई टोचू नये म्हणून बोटात घालता ते अंगुस्तान तुम्ही काढून टेबलावर ठेवलंत. त्यांच्याकडे बघितलंही नाहीत. मला म्हणालात, "दोन डाव्या, वहिनी. मी एकदा सगळं करून बसलोय. पुन्हा नाही." आणि गेलात.

ते 'एकदा' मी विसरलेली नाही. रस्त्यातून त्यांना उचलून कोण आणायचं, गिऱ्हाइकांना खोटं कोण सांगायचं, सगळं लक्षात आहे. तुमच्या जागी मी असते तर मीही अंगुस्तान काढून ठेवलं असतं.

पण मी विचारते आहे ते वेगळं आहे. तुम्ही बाह्या पाहिल्यात. आणखी काय पाहिलंत?

वहिनी


१४ नोव्हेंबर

भावोजी,

या वेळी मोठं पत्र लिहिलंत. वाचून मी चपला घालून बाहेर पडले. कोपऱ्यापर्यंत गेले, परत आले, पुन्हा वाचलं.

"वहिनी, डॉक्टरांना मी सांगत होतो तेव्हा तुम्ही तिथेच उभ्या होतात. तुम्हाला माहीत होतं तर तुम्ही का नाही बोललात?"

मी उभी नव्हते. मी त्यांच्या चपला शोधत होते. स्ट्रेचरवरून कॉटवर घेताना त्या कुठेतरी गेल्या होत्या. एक सापडली होती, दुसरी कॉटखाली भिंतीपाशी गेलेली.

दुकान सोडून गेला होतात, तरी भरतीच्या दिवशी धावून आलात. डॉक्टरांनी तुम्हाला विचारलं, "घेतात का?" तुम्ही म्हणालात, "मधे सोडली होती. आता पुन्हा." डॉक्टरांनी लिहून घेतलं. मला कुणी विचारलं नाही.

तुम्हाला माहीत नसलेली एक गोष्ट सांगते. कुणाला सांगितलेली नाही. दारू सोडली त्या दिवसापासून ते रोज संध्याकाळी घरात आले की आधी माझ्यापाशी यायचे, वाकायचे आणि माझ्या गालावर फुंकर मारायचे. मी तसं कधी मागितलं नव्हतं. त्यांनीच सुरू केलं. मी पोळ्या करत असले तरी मान वळवून गाल पुढे करायची. भांडण झालेलं असलं तरी. "तपासणी करा बाईसाहेब," म्हणायचे, "शिक्का मारा." माझ्या नोकरीवरून त्यांची ही थट्टा. मी वजनंमापं तपासते, म्हणून घरातलं मापही मीच तपासायचं.

त्या दिवसांतही फुंकर चुकली नाही. इतर सगळं चुकत होतं. शर्ट फ्रिजमधे ठेवला होता. मला माझ्या सासूच्या नावानं हाक मारली होती. पण फुंकर मारली. वास नव्हता. होता तो गोडसर, शिळा, लिव्हरवाल्यांना येतो तसा. दारूचा नव्हता.

मग का नाही बोलले?

आमच्या ऑफिसात एक बोलणं आहे, तपासणीच्या दिवशी प्रत्येक काटा बरोबरच असतो. फुंकर संध्याकाळची. दुपारचं मला काय माहीत? तुम्ही दिवसभर त्यांच्याबरोबर असायचात. तुम्ही इतक्या खात्रीनं सांगितलंत की मला वाटलं, तुम्ही पाहिलं असणार.

एवढंच आहे. यावर मी अजून काही लिहू शकत नाही.

दुसरं सांगते. भरती केल्यावर एक शिकाऊ डॉक्टर आला होता. "आजोबा, हात पुढे करा, रस्त्यावर गाडी थांबवतात तसे." त्यांनी केले. हात मनगटातून पडायचे, उठायचे, पडायचे. मग त्यानं कागद दिला. "यावर चांदणी काढा. पाच टोकांची."

"चांदणी कशाला? कोट काढून देतो," हे म्हणाले. "तुमचं माप काय? खांदा उतरता आहे तुमचा. डावा. पिशवी त्याच खांद्यावर घेता ना?"

डॉक्टर हसला. खरंच त्याचा डावा खांदा उतरता होता. "आधी चांदणी, मग कोट."

त्यांनी रेघ ओढली. दुसरी ओढली. तिसरी कुठे न्यायची ते त्यांना कळेना. पेन्सिल कागदावर टेकवून बसून राहिले. ज्या माणसानं उभ्या आयुष्यात खडूची रेघ पुसली नाही तो माणूस. मला म्हणाले, "जरा तिकडे बघ गं." मी तिकडे बघितलं.

हे तुम्हाला कुणी सांगितलं नसतं, म्हणून लिहिलं. तुम्ही तोवर गेला होतात.

वहिनी


३० नोव्हेंबर

भावोजी,

हे पत्र टाकायचं नाही असं ठरवून लिहायला घेतलं आहे. टाकेन बहुतेक.

तुमचं उत्तर आलेलं नाही. माझा राग आला असेल तर येऊ दे. मला घरात एका जागी बसवत नाही. कपाट आवरते, अर्धं सोडते. त्यांच्या बाजूची खिडकी उघडते, बंद करते. ऑफिसात परवा चांगलं वजन नापास केलं. साहेब म्हणाले, "बाई, रजा घ्या." मी म्हटलं, रजा घेऊन कुठे बसू?

डॉक्टरीणबाईंना भेटून आले. छोटी खोली, टेबलावर फायली, खिडकीत एक सुकलेलं रोपटं. "सारखी विसरते हो मी पाणी घालायला," म्हणाल्या. वयानं लहान आहेत, तरी मी त्यांना अहो-जाहोच केलं.

मी विचारलं, "ती गोळी तेव्हाच थांबवली असती तर?"

त्या म्हणाल्या, "सांगता येत नाही."

"अंदाजानं?"

"अंदाजानं बोलले तर तुम्ही तेच धरून बसाल."

मी म्हटलं, "काहीतरी धरूनच बसणार आहे मी."

मग त्यांनी कागद माझ्यासमोर फिरवला. पहिल्यांदा भरती केलं तेव्हा आठवडाभरात ते सुधारले होते ना? पोट साफ होण्याचं औषध दिलं होतं, बोलायला लागले होते, शिकाऊ डॉक्टरला कोटाचं कापड कुठलं घ्यायचं ते सांगत होते. घरी सोडताना दिलेल्या औषधांत ती पायांची गोळी तशीच होती. थांबवायचं कुणाला सुचलं नाही. कारण शोधायचं कामच उरलं नव्हतं. ते आधीच लिहून झालं होतं.

ती गोळी मी देत होते, भावोजी. जेवणानंतर, पाण्याबरोबर. ते तोंड वाकडं करायचे आणि मी म्हणायची, घ्या, पाय दुखतील.

गोळीनं झालं असं बाई म्हणत नाहीत. मीही म्हणत नाही. लिव्हर आधीच गेलेलं होतं, हेही त्यांनी स्पष्ट सांगितलं. तुमच्या एका वाक्यानं दादा गेले असं मी म्हणते आहे, असं तुम्हाला वाटत असेल तर ते डोक्यातून काढा. तसं असतं तर मी तुम्हाला पत्रच लिहिलं नसतं.

पण ते शेवटपर्यंत प्यायले नाहीत. इतकी वर्षं. दुकानातून घरी येताना वाटेत काय काय लागतं ते तुम्हाला माहीत आहे. रोज तिथून चालत आले आणि मला फुंकर मारली. आणि कागदावर काय राहिलं, तर दारू पुन्हा सुरू. उद्या कुणी तो कागद वाचेल आणि म्हणेल, असं का, बेवडा होता. हे एवढंच मला सहन होत नाही. बाकीचं होईल कधीतरी.

लिहा.

वहिनी


२० डिसेंबर

भावोजी,

तुमचा कागद बाईंना मिळाला. त्यांनी मला बोलावून दाखवला. तुमचं अक्षर अजून तसंच आहे, रेघ सोडून वर चढणारं.

'मी माझ्या मोठ्या भावाला त्या काळात दारू पिताना पाहिलं नाही. त्याच्या तोंडाला वास आला नाही. बाटली पाहिली नाही. मी दोन डाव्या बाह्या पाहिल्या, त्यावरून मी डॉक्टरांना तसं सांगितलं.'

बाईंनी विचारलं, "दोन डाव्या बाह्या म्हणजे काय? मला कळलंच नाही. मी दोनदा वाचलं."

मी सांगितलं. साहेबांचा कोट, 'गिऱ्हाइकाला दोन डावे हात आहेत का', फोनवरचं बोलणं, सगळं. त्या हसायला लागल्या, मीही हसले. मग त्या हसायच्या थांबल्या. "म्हणजे हे लक्षण होतं," म्हणाल्या. "उजवं-डावं चुकणं, आकार न जुळणं. चांदणीसारखंच. त्यांच्या भावाला ते आमच्या आधी दिसलं होतं."

मी म्हटलं, "दिसलं होतं. त्याचा अर्थ आमच्या घरात आधीच ठरलेला होता."

त्यांनी तुमचा कागद, माझं म्हणणं आणि रक्ताचा रिपोर्ट एकत्र लावला. त्यांच्या दोन वरिष्ठांनी बघितलं. तुमच्या दादांना आता मोजणीत घेतलं आहे. दारू न पिणाऱ्यांत. छापून येईल तेव्हा नाव नसेल, कुणालाच नसतं, ते फक्त एका आकड्यात एकानं वाढलेले असतील. जुन्या कागदावरचं वाक्य खोडता येत नाही, पण खाली दुरुस्ती लिहून सही केली आहे. मी ती वाचली. बाहेर येऊन जिन्यात बसले.

मला वाटलं होतं, हे झालं की शांत झोप लागेल. लागली नाही. का, ते मलाच माहीत होतं, म्हणून आज लिहायला बसले, आणि एकदाही उठलेली नाही.

पहिल्याच पत्रात तुम्ही निरोप विचारला होता. मी 'नाही' लिहिलं. निरोप होता.

दुसऱ्यांदा भरती करायच्या आधी एका सकाळी ते अगदी भानावर होते. नेहमीसारखे. चहा पिऊन म्हणाले, "चल, दुकान बघून येऊ." मी नको म्हटलं, तरी गेलो. तुमचं मशीन झाकलेलं होतं, त्याच्यावरून त्यांनी हात फिरवला. टेबलावर चष्मेवाल्याच्या त्या बाह्या तशाच होत्या, एकीवर एक. ते बराच वेळ बघत उभे होते. मला वाटलं, आता म्हणतील, कापड फिरलं. ते म्हणाले, "धाकट्याला सांग, कोट त्यानं कापावा. माझा हात सांगतो तिकडे जात नाही. प्यायलेलो नाही म्हणावं. पण जात नाही, हे खरं."

मी म्हटलं, तुम्हीच सांगा. ते म्हणाले, "माझं तो ऐकणार नाही. तुझं ऐकेल."

तुम्ही आला नाहीत. शेवटच्या दिवशी आला नाहीत, नंतर पोचवायलाही आला नाहीत. तेव्हा मी ठरवलं की हा निरोप माझ्यापाशी राहील. तुमचं कागदावरचं वाक्य जोवर आहे तोवर तो तुम्हाला देणार नाही. आता त्याखाली दुरुस्ती झाली, तर निरोप ठेवून काय करू?

काल दुकान उघडलं. झाडलं. चष्मेवाला लगेच रस्ता ओलांडून आला. मुलीचं लग्न जुन्या कोटात पार पडलं त्याचं. म्हणाला, "वहिनी, माझा कोट आहे का हो अजून?"

मी म्हटलं, "आहे. पण उजवी बाही नाही."

"चालेल," म्हणाला. "उजवा हात खिशात घालून हिंडेन." मग डोळे पुसायला चष्मा काढला आणि बराच वेळ काचच पुसत बसला.

त्याला सांगितलं आहे, थांबा थोडं.

कापड उरलेलं आहे. फळीवर त्यांच्याच हातानं गुंडाळून ठेवलेलं. मी घडी उघडून बघितलं, एक बाही निघेल, जेमतेम. नीट बघून कापावी लागेल. त्या दोन्हींतली एक उलटून घेता येईल का, असं माझ्या मनात आलं होतं, म्हणून उजेडात नेऊन पाहिली. नाही होणार. या कापडाला सुलट बाजू आहे. नवीनच कापायला हवी.

कात्रीला धार लावून आणली आहे. तुमचं अंगुस्तान टेबलावर जिथे ठेवलं होतंत तिथेच आहे, झाडताना मी हलवलं नाही.

वहिनी